चढावरचा आवाज

खोली भाड्यानं मागायला गेले तेव्हा बाईंनी माझं नाव विचारलं नाही. जात विचारली नाही, नवरा सोबत का नाही तेही विचारलं नाही. मला त्यांनी बंगल्याच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, तिथे उभ्या असलेल्या हिरव्या गाडीचं इंजिन सुरू केलं, बॉनेटची एक बाजू उचलली आणि वाकून ऐकायला सांगितलं. गाडी या वस्तूशी तोवर माझा काही संबंध आलेला नव्हता. पण उमरेडच्या आमच्या घरात हातमाग होते, धोट्याची ये-जा ऐकतच मी लहानाची मोठी झाले होते, त्यामुळे तालात चाललेलं यंत्र कसं वाजतं एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, आमचा माग असा वाजत असता तर बाबा म्हणाले असते, सगळं ठीक आहे.

"ठीकच आहे," बाई म्हणाल्या. "उभी असली का ठीकच असते."

त्यांनी इंजिन बंद केलं, पदराला हात पुसले आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. नागपूर तेव्हा राजधानी होतं. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांमधून साहेब लोक बदलले होते, पण शिपायांचे पट्टे तेच होते. मी धरमपेठेतल्या मुलींच्या एका शाळेत शिकवत होते. नवरा खापरखेड्याला, वीजघराच्या कामावर. तिथे आम्हाला क्वार्टर मिळायचं होतं, तोवर तो आणखी चौघांबरोबर एका खोलीत राहायचा आणि रविवारी बसनं नागपूरला यायचा. उरलेला आठवडा मी बाईंच्या मागच्या खोलीत एकटी. म्हणजे मी स्वतःला एकटी समजत होते. बाईंच्या आवारात तसं राहणं कुणाला जमण्यासारखं नव्हतं.

बाई डॉक्टर होत्या. बायकांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली आणि त्या निवृत्त झाल्या, तरी रोगी तपासायची गळ्यातली नळी काही निवृत्त झाली नव्हती. सकाळी अंघोळ करून पांढरं सुती पातळ नेसल्या की दागिना घालावा तशी ती गळ्यात घालायच्या. लग्न केलेलं नव्हतं. मूळच्या अमरावतीकडच्या, परक्या माणसाशी पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, पण जीव लागला की भाषा वऱ्हाडीवर यायची. त्या मला 'मास्तरीण' म्हणायला लागल्या आणि मागे 'वं' लागला, तेव्हा मी समजले की आता खोली कायमची झाली.

जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यांच्याकडे आजार होता. पावसाळ्यात माझ्या खोलीचं छत गळलं तर त्यांनी वर बघून 'जलोदर' असं सांगितलं. दूधवाल्याच्या दुधाला पंडुरोग झाला होता. दिवाणखान्यातलं घड्याळ मधूनच थांबायचं, त्याला हृदयविकार. पाहुणा आला की गप्पा मारता मारता त्याचं मनगट हातात घ्यायच्या. तो मुलाच्या लग्नाचं सांगतोय आणि बाई डोळे मिटून त्याची नाडी बघताहेत, असं मी कितीदा पाहिलं असेल.

गावातली अर्धीअधिक माणसं त्यांच्या हातावर जन्मली होती आणि बाई माणसाला त्याच्या जन्मावरूनच ओळखायच्या. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. हा पायाळू, हा निळा पडलेला, ही रडलीच नाही लवकर. एकदा सीताबर्डीच्या चौकात हवालदारानं त्यांची गाडी अडवली. बाईंनी गॉगल कपाळावर घेतला, त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्या आईचं नाव घेऊन विचारलं की ती बरी आहे का. तू फार तरास दिला होतास तिले, आडवा आला होतास. हवालदार बाजूला झाला. बाई गाडी पुढे घेताना मला म्हणाल्या, अजून आडवाच येऊन राह्यला.

भोंगा त्या वाजवत नसत. रस्त्यावरच्या माणसावर भोंगा वाजवणं त्यांना असभ्य वाटायचं. त्याऐवजी "बाजूले व्हा गा" असं ओरडायच्या, आणि टांगेवाले, सायकलवाले, गुरं, सगळे बाजूला व्हायचे.

आता त्या गाडीविषयी सांगायला हवं. युद्धाच्या आधीची, दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची शर्यतीची गाडी होती ती. कामठीच्या छावणीतल्या एका कप्तानानं ती विलायतेहून आणली होती आणि जाताना दवाखान्याच्या मेट्रनला विकली होती. मेट्रन स्कॉटलंडच्या. बाईंच्या दवाखान्यात सगळ्या परिचारिकांवर त्यांचा हुकूम चालायचा. अशी गाडी एखाद्या मेट्रनला कशाला, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं असणार. पण भिवापूरकडून किंवा काटोलकडून निरोप यायचा की बाळंतीण अडली आहे, आणि मेट्रन गाडी काढायच्या. त्या चालवायच्या, डॉक्टरीणबाई मांडीवर बॅग घेऊन शेजारी बसायच्या. धुळीचा लोट उठवत ती हिरवी गाडी गावात शिरली की लोकांना धीर यायचा, असं मला पुढे भिवापूरच्या एका म्हातारीनं सांगितलं. दवाखान्याची मोटार पोचेपर्यंत मूल तरी जायचं नाही तर आई तरी, ही गाडी पोचायची.

अशी वर्षंच्या वर्षं दोघींनी काढली. एका आवारात राहिल्या, रोज संध्याकाळी एकत्र चहा प्याल्या, आणि शेवटपर्यंत एक दुसरीला 'डॉक्टर' म्हणत राहिली आणि दुसरी पहिलीला 'मेट्रन'. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या वर्षी मेट्रन मायदेशी गेल्या. गाडी बाईंना देऊन गेल्या. जाण्याआधी महिनाभर त्यांनी बाईंना चालवायला शिकवलं. तोवर बाईंनी चाकाला हातही लावलेला नव्हता.

आणि गाडी बाईंच्या ताब्यात आली तेव्हापासून तिच्यात एक आवाज होता.

उभ्या गाडीत तो येत नसे. सपाट रस्त्यावरही नसे. काटोल रोडवर टेकडीचा चढ लागला, गाडी तापलेली असली आणि बाईंनी जोर दिला, की इंजिनात कुठेतरी टकटक व्हायची. बाईंनी रोग्याचा इतिहास घ्यावा तसा सगळा इतिहास घेतला होता: काय खाल्लं, म्हणजे पेट्रोल कुठलं, कधी वाढतं, कधी कमी होतं. शेडमध्ये इंजिन सुरू ठेवून त्या नळीचं टोक त्याच्या कुशीला लावायच्या आणि एकेका प्लगची तार काढून ऐकायच्या. काहीच सापडत नसे. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत एका मिस्त्रींचं गॅरेज होतं, त्यांना त्या दर महिन्याला शेजारी बसवून चढावर न्यायच्या. मिस्त्री कान देऊन बसायचे. आवाज यायचा नाही.

"इंजन तं एकदम फस्क्लास हाय बाई," मिस्त्री म्हणायचे. तरी बाई म्हणतात म्हणून ते खोलून बघायला तयार होते. बाई नाही म्हणायच्या. निदान झाल्याशिवाय पोट उघडायचं नाही, हा त्यांचा नियम माणसाला होता तोच गाडीला.

माझा नवरा रविवारी आला की त्यालाही बसवायच्या. तो वीजघरात यंत्रांजवळ काम करणारा, तेव्हा त्याच्यावर त्यांची मोठी आशा. तोही दोन-तीनदा जाऊन आला आणि मला हळूच म्हणाला की बाईंची गाडी माझ्या टर्बाइनपेक्षा गुळगुळीत चालते. मीही गेले होते. चढावर त्या माझ्याकडे बघायच्या, मी नाही म्हणून मान हलवायची, आणि त्या पुन्हा समोर बघायच्या.

एकदा त्यांनी मला विचारलं की मागावर एखादा माणूस बसला तर माग नीट चालतो आणि दुसरा बसला की धागे तुटतात, असं होतं का. मी म्हटलं, होतं की, हात हात असतो. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं त्यांना उत्तर आवडलं. पण जरा वेळानं स्वतःशीच म्हणाव्यात तशा म्हणाल्या की मेट्रनच्या हातात ती कधीच वाजली नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बाई आवाज का शोधताहेत. गाडी त्यांना सांभाळायला दिली होती आणि ती आपल्या हातानं बिघडते आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

बाईंचा एक भाचा अमरावतीला वकील होता. मनानं चांगला माणूस, आत्याची त्याला खरीच काळजी होती. मी राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तो आला तेव्हा त्यानं मिस्त्रींना विचारलं, मलाही विचारलं. आम्ही काय सांगणार? आवाज आम्ही ऐकलेला नव्हता. त्यानं बाईंना अदबीनं सांगितलं की आत्या, आता एकटं राहणं पुरे. गाडी विकू, बंगला भाड्यानं देऊ, अमरावतीला माझ्याकडे चला. कुणालाच न येणारे आवाज ऐकू यायला लागले म्हणजे, असं म्हणून तो थांबला. पुढचं बोलायची त्याला गरज नव्हती. संक्रांतीनंतर न्यायला येतो म्हणाला. बाईंनी त्याला जेवू घातलं, जाताना त्याची नाडी पाहिली.

तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर बाई अंगणात उभ्या. मला म्हणाल्या, तू त्या फाटकापाशी जाऊन उभी राहा, माझ्याकडे पाठ कर आणि हळू आवाजात शब्द बोल. मी भाज्यांची नावं घेतली, नद्यांची घेतली, वर्गातल्या मुलींची घेतली, होता होईल तितक्या हळू. प्रत्येक शब्द बाई मागे उभ्या राहून परत म्हणत गेल्या. एकही चुकला नाही. मग मला जवळ बोलावलं.

"कान ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "मंग राह्यलं डोकं."

मी म्हटलं, बाई, चहा टाकते. त्या हो म्हणाल्या, पण चहा झाल्यावर पाहिलं तर आत जाऊन पडल्या होत्या. आणि बाई दिवसा कधी पडत नसत.

गाडी जायचीच आहे तर तू शिकून घे, असं त्यांनी मग मला म्हटलं. मी घाबरले. पण त्यांच्या बोलण्यात असं काही होतं की नको म्हणवेना. रोज पहाटे नाही, कारण मला शाळा. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी आम्ही जायचो. बाई डावीकडे बसायच्या आणि मी चाकामागे. त्या शिकवायच्या अगदी दवाखान्यातल्यासारखं: क्लच हळू, अजून हळू, लहान मुलाच्या डोक्याखालून हात काढून घेतो तसा. चुकले तर ओरडत नसत, फक्त पायानं त्यांच्या बाजूची फळी दाबायच्या, जणू तिथेही ब्रेक आहे.

संक्रांत जवळ आली होती. एका रविवारी सकाळी काटोल रोडवर चढाच्या पायथ्याशी बाईंनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरल्या. म्हणाल्या, मी शेजारी असले की तू माझ्या पायाकडे बघतेस. आज एकटी जा, वरून वळवून आण, मी इथं मोरीवर बसते. मी गेले. गिअर बदलला, जोर दिला, आणि चढाच्या मध्यावर समोरून, इंजिनाच्या पोटातून, आवाज आला. कुणी बंद दारावर बोटाच्या पेरानं वाजवावं तसा. टक. मग जरा थांबून, टक टक. वाजवणाऱ्याला काही घाई नव्हती.

मी वर पोचले, वळवली, खाली आले. गाडी बंद करायचंही भान राहिलं नाही. म्हटलं, बाई, वाजतंय.

बाई मोरीवरून उठल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलते आहे का, हे त्या बघत होत्या. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. कुठून? समोरून. कोणत्या गिअरमध्ये? कसा, लोखंडावर लोखंड की लाकडावर? मी सांगत गेले. माझी उत्तरं ऐकता ऐकता त्यांनी मोरीचा कठडा हातानं घट्ट धरला.

"ऐकू येऊन राह्यलं तुले," त्या म्हणाल्या.

मग दोघी बसून गेलो. आवाज नाही. बाईंनी चढाच्या मध्येच गाडी थांबवायला लावली. नंतर मला उतरवून स्वतः एकट्या गेल्या आणि परत आल्या. येतानाच होकारार्थी मान हलवत होत्या. मी एकटी तेव्हा आला, त्या एकट्या तेव्हा आला. दोघी असलो की नाही. मिस्त्री शेजारी बसायचे तेव्हा नाही, माझा नवरा बसायचा तेव्हा नाही. ऐकायला म्हणून जो जो बसला, त्याच्या बसण्यानंच तो आवाज गप्प होत होता.

रस्त्याच्या कडेला दुरुस्तीसाठी गिट्टीचा ढीग पडलेला होता. गाडीत हत्यारं बांधायचं पोतं होतं. बाईंनी पातळाचा पदर खोचला आणि आम्ही दोघी त्या पोत्यात दगड भरायला लागलो. भरलेलं पोतं डाव्या सीटवर चढवलं. बाई गेल्या: आवाज नाही. पोतं उतरवलं, पुन्हा गेल्या: आवाज. पुन्हा चढवलं. काटोलकडून संत्र्यांच्या पेट्या घेऊन येणारी एक बैलगाडी आमच्यापाशी थांबली. गाडीवानानं विचारलं की बाई, हे गोटे कुठं नेऊन राह्यले? बाईंनी गंभीरपणे सांगितलं की दवाखान्यात. आणि मग त्या हसल्या. मी त्यांच्याकडे राहायला आल्यापासून त्या अशा हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. हसता हसता त्यांना रस्त्यावर बसावं लागलं.

तशाच आम्ही मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींनी गाडी उचलून धरली, पाठीवर निजून खाली सरकले आणि लगेच बाहेर आले. सायलेन्सरची नळी मागच्या चाकांच्या ॲक्सलच्या खालून जात होती. तिच्यावर एका जागी रुपयाएवढा भाग घासून चकचकीत झाला होता. मिस्त्रींनी हातानं दाखवून समजावलं: गाडीत एकच माणूस असला की ती हलकी होते, मागून वर उचलते, ॲक्सल खाली लोंबतो, चढावर जोर दिला की तो नळीला टेकतो. दोन माणसं असली की गाडी दबते आणि दोहोंत फट राहते. आणि नळीचं दुसरं टोक इंजिनाला बांधलेलं, म्हणून मागे वाजलेलं पुढे ऐकू येतं.

बाईंनी गळ्यातली नळी काढली, हातात धरून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गळ्यात घातली. म्हणाल्या, उभा जन्म नळीतून ऐकण्यात गेला माझा, आणि हे सुचलं नाही.

मिस्त्रींनी हात पुसत विचारलं की हे सुरू कधी झालं होतं.

"मेट्रन गेल्यावर," बाई म्हणाल्या.

"बरोबर हाय. तवापासून बाजूले कोनी बसत नसंल."

मिस्त्री आपल्या कामातलं बोलत होते. पकड शोधायला ते वळलेही होते. बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"नाही बसत," त्या म्हणाल्या.

नळीची पट्टी वाकवून आवाज घालवायला मिस्त्रींना चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. घरी येताना बाईंनी मला चालवायला दिली आणि स्वतः शेजारी बसल्या.

भाचा संक्रांतीनंतर आला तेव्हा त्यांनी त्याला शांतपणे सगळी हकिकत सांगितली, मलाही साक्षीला बोलावलं. त्याला मनापासून आनंद झाला. अमरावतीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, उलट चढावर एक फेरी मारायचा हट्ट धरला. सगळं छान झालं होतं. बाईंचं डोकं ठिकाणावर होतं, हात चांगला होता, गाडी बिघडलेली नव्हती. आणि तरी त्यानंतर बाईंनी गाडी काढली नाही. आठवडे गेले. सकाळी नळी गळ्यात घालायच्या आणि व्हरांड्यात बसून राहायच्या. पाहुण्यांची नाडी बघायच्या पण गप्पा मारत नसत.

एका संध्याकाळी मला त्यांनी हाक मारून बसवलं. मेट्रन जायच्या होत्या तेव्हाचं सांगायला लागल्या. सामान बांधून झालं होतं. मेट्रननी त्यांना विचारलं होतं, डॉक्टर, तुम्ही म्हणाल तर मी थांबते. बाईंनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. की तुमचे लोक तिकडे आहेत, इथलं राज्य बदललं, म्हातारपणी आपल्या माणसांत असावं. मेट्रननी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग तुम्ही चला माझ्याबरोबर. बाई म्हणाल्या, दवाखाना आहे.

"लय समजदारीनं बोलले वं मी," बाई म्हणाल्या. "तिले थांब म्हणायचं होतं मले. तोंडातून निघालंच नाही."

मी विचारलं की आता तर दवाखाना नाही, मग? बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जणू हा विचार कुणी सुचवायचीच त्या वाट बघत होत्या, आणि तरी त्या रागावल्या. या वयात, बोटीनं, कुठल्या कुठं. शिवाय काय तोंडानं जाऊ. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बाई पासपोर्टसाठी फोटो काढून घेऊन आल्या होत्या. फोटोत गळ्यातली नळी तशीच होती. तो फोटो चालला नाही, पुन्हा काढावा लागला.

पावसाळा संपल्यावर त्या मेट्रनकडे जायला निघाल्या. मुंबईच्या आगगाडीत मी त्यांना बसवून दिलं. गाडीची किल्ली माझ्याकडे दिली आणि आठवड्यातून एकदा फिरवून आण म्हणाल्या. संत्र्याचा एक करंडा त्यांनी सोबत घेतला होता, ती फळं बोटीवर टिकणार नाहीत हे मी सांगितलं तर त्यांना ते माहीत होतं. त्या हिवाळ्यात आम्हाला खापरखेड्याला क्वार्टर मिळालं. तरी रविवारी मी नागपूरला यायची आणि गाडी काढायची. नवरा शेजारी बसायचा. वीजघराचा सततचा आवाज ऐकून आलेले आम्ही दोघं त्या उघड्या गाडीत टेकडीपर्यंत जायचो, आणि मला बाईंची इतकी आठवण यायची की एखाद्या वेळी मी विनाकारण "बाजूले व्हा गा" असं ओरडायची.

बाई परत आल्या, पण पुढे फार वर्षं जगल्या नाहीत. त्या गेल्यावर भाच्यानं गाडी जबलपूरकडच्या कुणाला दिली, बंगलाही गेला. गावात अजून कुणी आपल्याशी बोलताना आपलं मनगट धरलं, तर तो माणूस नक्की आपल्याच वयाचा आहे आणि बाईंच्या हातचा आहे, असं मी समजते. हे सगळं खरं; पण बाईंची आठवण काढायला बसले की माझं मन जातं ते त्या परत आल्या त्या दिवसाकडे.

त्या दीड-एक वर्षानं परत आल्या. तोवर राजधानी भोपाळला गेली होती. सिव्हिल लाइन्समधले बंगले एकामागून एक बंद पडले होते, कचेऱ्यांसमोरच्या चहाच्या टपऱ्या उठल्या होत्या आणि भर दुपारी रस्ते ओस दिसत होते. मी त्यांना स्टेशनवरून घेऊन आले. बाई वाळल्या होत्या, पांढऱ्या पातळावर मेट्रनचा करडा लोकरी कोट होता. कोट पाहूनच मी समजले. मेट्रन फेब्रुवारीत गेल्या, असं त्यांनी वाटेत सांगितलं, आणि मग शहराकडे बघत म्हणाल्या की इथं कोणता आजार झाला, सगळं इतकं शांत काहून?

घरी आल्यावर मी स्टोव्ह पेटवला. शेवटी राहवलं नाही. विचारलं की बाई, तिकडे इतके दिवस तुम्ही दोघी काय करत होतात?

"काही नाही वं," बाई म्हणाल्या. "तिले दिसत नव्हतं. खिडकीतून समुद्र दिसे, तो मी तिले सांगो. बसून राहो."

त्यांनी कोटाची बटणं काढली, कोट खुर्चीच्या पाठीवर नीट घातला आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या.

"पहिल्या दिवशी लय रागावली माझ्यावर. यायले इतका वेळ काहून लावला म्हणे. मंग उठली आन् चाचपडत चाचपडत चहा टाकला."